शिरस्त्राण उतरल्यावर

होमरच्या 'इलियड'मध्ये अथेना ही देवी ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या भावाचं रूप घेते आणि हेक्टरला फसवून ग्रीक योद्धा अकिलीससमोर उभं करते. त्याआधी हेक्टर जीव घेऊन तटाभोवती पळतोही. वोल्फगांग पीटरसन यांच्या 'ट्रॉय'मध्ये (२००४) यातलं काहीच नाही. घरच्यांचा निरोप घेऊन हेक्टर आपल्या पायांनी वेशीबाहेर येतो. देवाला बोल लावायची सोयच उरत नाही, म्हणून पुढच्या द्वंद्वाला एवढं वजन येतं.

त्या द्वंद्वाची सुरुवात नीट पाहा. अकिलीस शिरस्त्राण काढून फेकतो. आदल्या दिवशी त्याचंच चिलखत घालून त्याचा चुलतभाऊ पॅट्रोक्लस लढला होता आणि हेक्टरने अकिलीस समजून त्याला मारलं होतं. आता कोण कोणाला मारतंय याबद्दल शंका राहू नये, एवढाच त्या कृतीचा अर्थ. हेक्टरही आपलं शिरस्त्राण उतरवतो. पटकथेतली सगळी गाठ त्या दोन हालचालींत उकलते.

मग ढोल. संगीतकार जेम्स हॉर्नर यांनी इथे सुरांचा मोह टाळून ठोक्यांवर भिस्त ठेवली आहे, त्यामुळे ढालीवर आपटणारा भाला तालातच येतो. हेक्टर झालेला एरिक बाना पाय रोवून, ढालीआडून लढतो. अकिलीस झालेला ब्रॅड पिट हलक्या पावलांनी त्याच्याभोवती फिरत राहतो. एकाला काहीतरी राखायचं आहे, दुसऱ्याला काही गमवायचं उरलेलं नाही, हे संवादाविना कळतं. चित्रपटाच्या सुरुवातीला धिप्पाड योद्धा बोआग्रियस अकिलीसच्या एका घावात कोसळला होता. इथे हेक्टरची तलवार अकिलीसच्या छातीवरच्या कवचावर चरा उमटवते आणि अकिलीस क्षणभर खाली बघतो. हेक्टर किती मोठा योद्धा आहे, ते त्या एका नजरेत समजतं. मला हा चित्रपटातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

द्वंद्वात हेक्टर मारला जातो. त्या रात्री त्याचा वृद्ध पिता, राजा प्रायम, शत्रूच्या तंबूत येऊन मुलाला मारणाऱ्याच्या हाताचं चुंबन घेतो. प्रायमच्या भूमिकेतले पीटर ओ'टूल इथे आवाज चढवत नाहीत. शब्द जवळजवळ कुजबुजल्यासारखे येतात, डोळे मात्र अकिलीसवरून हलत नाहीत. 'दास बूट'मध्ये (१९८१) पाणबुडीच्या पोटात माणसं कोंडून दाखवणारा दिग्दर्शक हजारोंच्या लढाईपेक्षा या तंबूत जास्त रमला आहे, असं मला वाटतं. पुढे अकिलीस हेक्टरच्या प्रेतापाशी रडतो, तेव्हा प्रायमचा राजेपणा आणि अकिलीसचा विजय दोन्ही गळून पडलेले असतात.

'इलियड' हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं. चित्रपट तिथे न थांबता लाकडी घोडा आणि नगरदहनाकडे जातो आणि पकड सैल होते. २००७ साली १९६ मिनिटांची दीर्घ आवृत्ती आली, पण तिच्यात या द्वंद्वाचं संगीत बदललं आहे. हॉर्नर यांचे ढोल ऐकायचे असतील, तर चित्रपटगृहांत लागलेली १६३ मिनिटांची मूळ आवृत्तीच शोधा.