धर्मनिष्ठ सैनिकाचे स्मरण : बेने इस्राएल परंपरेच्या निमित्ताने

लढाईत तरुणपणी पडलेल्या सैनिकाविषयी आपल्या भाषेत पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्या लेखनातील नाव खोडून दुसरे घातले, तरी मजकुरास कोठे बाध येत नाही, ही त्याची मोठी उणीव होय. 19 डिसेंबरच्या निमित्ताने शाळाशाळांतून होणारी भाषणे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेले की तेरेखोलचा किल्ला आहे. 1954 साली सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा चढविला. 1961 च्या डिसेंबरात अंजदीव बेट घेताना नौदलाचे सात जण कामी आले. इतके जवळचे विषय हाताशी असूनही मुले बोलतात ते 'हुतात्मा' या एका शब्दाविषयी. सावरकरांनी रूढ केलेला हा शब्द थोर आहे, यात शंका नाही. पण त्याच्या तेजात माणूस दिसेनासा होतो.

ही उणीव सैनिक धर्मनिष्ठ असेल तर अधिकच जाणवते. धर्मनिष्ठ माणसाचा दिवस नेमांनी बांधलेला असतो आणि सैन्याचा दिवसही नेमांनीच बांधलेला असतो. हे दोन नेम एकमेकांस कोठे भिडले, तो कोठे नमला आणि कोठे नमला नाही, हे सांगितल्यावाचून त्याचे चित्र पुरे होत नाही. मराठी भाषकांत या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कोकणातील बेने इस्राएल ज्यू होत. दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने दिलेले नाव 'शनिवार तेली'. शब्बाथ हीच ज्यांची गावातली ओळख, त्यांचे तरुण अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिरले आणि पुढे कित्येक जण सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले.

त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल यहेज्केल दिवेकर, यांची कथा सर्वश्रुत आहे. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या हाती सापडले. कैद्यांना त्यांची जात-धर्म विचारला गेला, तेव्हा त्यांनी 'बेने इस्राएल' असे सांगितले. हे नाव कुराणात येते, याकडे टिपूच्या मातेने लक्ष वेधले आणि त्यांचे प्राण वाचले, असे परंपरा सांगते. बंदिवासात केलेला नवस त्यांनी 1796 साली मुंबईत 'शाअर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', हे सभास्थान बांधून फेडला. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. पुढील वर्षी, सभास्थानासाठी तोऱ्हाची पोथी आणावयास गेले असता, कोचीनला त्यांचा अंत झाला, असेही सांगतात.

कथा म्हणून ही रचना निर्दोष आहे: प्रश्न, उत्तर, सुटका, नवस, वास्तू. पण आमचे समाधान होत नाही. सुटकेच्या क्षणी दिवेकरांनी एक शब्द उच्चारला, एवढेच आपल्यास कळते. त्याआधीच्या नोकरीत त्यांचा शनिवार कसा जात असे, छावणीतल्या शिध्यातले ते काय खात आणि काय बाजूला सारत, याविषयी कथा मौन पाळते. शिवाय ती वाचलेल्याची कथा आहे. त्याच कैदेत जे मेले, त्यांच्या वाट्यास एक ओळही आली नाही. परंपरा विजयी शेवट निवडते आणि मरणाकडे पाठ फिरविते, हा दोष केवळ बेने इस्राएलांचा नव्हे. 1971 च्या ढाका मोहिमेचे लेफ्टनंट जनरल जेकब, जे पुढे 1998-99 मध्ये आमच्या गोव्याचे राज्यपाल झाले, ते ज्यू होते हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ज्याची कारकीर्द सुरू होताच संपली, त्याला आठवण्यासारखे लेखणीस काही सापडत नाही.

याला उत्तर ज्यूंच्याच ग्रंथात आहे. शौल व योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर पडले, तेव्हा दावीदाने केलेला विलाप 'शमुवेल' या दुसऱ्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आहे. एवढ्या धार्मिक ग्रंथातल्या या शोकगीतात देवाचे नाव नाही! त्यात डोंगर आहे, धनुष्य आहे, तेल न लावलेली ढाल आहे, शत्रूच्या नगरात ही वार्ता जाऊ नये ही तळमळ आहे, आणि मित्राला 'भाऊ' म्हणून मारलेली हाक आहे. उपदेश मुळीच नाही. आणखी एक आश्चर्य म्हणजे मृतासाठी म्हणावयाची 'कद्दिश' ही प्रार्थना. तीत मृत्यूचा शब्दसुद्धा येत नाही, सारी ईश्वराची स्तुती. म्हणजे या परंपरेने कामे वाटून दिली आहेत. श्रद्धेचे काम प्रार्थनेने करावे. कवितेने माणसाजवळ राहावे. आपण मात्र शोकलेखातच प्रार्थना, पोवाडा आणि सभेचे भाषण एकत्र कालवितो.

मक्काबी ग्रंथाच्या पहिल्या भागातही एक प्रसंग आहे. शब्बाथला शस्त्र न उचलल्यामुळे हजारभर माणसे मारली गेली, तेव्हा मत्तथ्या आणि त्याच्या सोबत्यांनी त्या दिवशीही स्वसंरक्षणार्थ लढण्याचे ठरविले. धर्मनिष्ठ सैनिकाची सारी व्यथा या निर्णयात आहे. ती 'त्याने धर्म आणि देश दोन्ही राखले' अशा गोड वाक्याने झाकणे म्हणजे तिचा अपमान होय.

विसाव्या शतकातला एक प्रयत्न शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. रूवेन अविनोआम हे तेल अवीवचे कवी आणि शिक्षक. 1948 च्या युद्धात त्यांचा तरुण मुलगा नोआम पडला. पुढे पडलेल्या तरुणांची पत्रे, रोजनिश्या, कविता गोळा करून त्यांनी 'गविलेई एश' हा संग्रह सिद्ध केला. त्याचा पहिला खंड 1952 साली निघाला, आणि निवडक भाग 1965 मध्ये इंग्रजीत आला. असल्या संग्रहाचा दोष उघड आहे: मृताचे लेखन कोणी कठोरपणे पारखत नाही, आणि कच्ची कविताही पवित्र होऊन बसते. तरीही आम्हांस त्याची पद्धत मोलाची वाटते. बापाने मुलाविषयी बोलण्याऐवजी मुलांना बोलू दिले. अर्धवट राहिलेले पत्र पुऱ्या झालेल्या स्तुतीपेक्षा अधिक सांगते, हे ज्याने वर्गात निबंध तपासले आहेत त्याला पटवून द्यावे लागू नये.

मराठीत असा संग्रह करण्यास साधन कमी नाही. बेने इस्राएलांनी मराठी ही केवळ बाजाराची भाषा मानली नाही. वल्हांडणाची 'हग्गादा' पोथी 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. 1880 च्या सुमारास त्यांनी कीर्तनाचा आकृतिबंध उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने आपल्याच साक्या-दिंड्यांत लाविली. हायम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. तो मात्र तेल अवीवला 1937 साली, त्यांच्या पश्चात, छापला गेला. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली. तेथूनही 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या फौजेत नोकरी केली आणि घरी मराठीत लिहिले, त्याच्या पेट्यांतून छावणीतली पत्रे निघणार नाहीत, हे आम्हांस संभवनीय वाटत नाही.

अकादमीच्या सभासदांस आमची एक सूचना आहे. कोणाच्या ओळखीत असे कुटुंब असेल, तर पत्रांची नक्कल करून घ्यावी. ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नयेत, मोडी असेल तर मूळ मोडीही ठेवावी, आणि मध्येच एखादे वाक्य केवळ पगाराविषयी किंवा चपलांविषयी असेल, तर तेही गाळू नये.