फ्रेंचची पदवी आणि फ्लोबेरचा पोपट

‘फ्रेंच घेऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न आमच्या इंजिनिअरिंगवाल्या घरांत ठरलेला. ज्युलियन बार्न्स १९६८ साली ऑक्सफर्डमधून आधुनिक भाषांचा पदवीधर झाला, मग ऑक्सफर्डच्याच शब्दकोशात नोकरीला लागला. ‘फ्लोबेर्स पॅरट’ आली १९८४ साली. तिच्यात फ्लोबेरचा जीवनपट तीनदा, तीन सुरांत येतो. एक प्रकरण चक्क प्रश्नपत्रिका आहे. एमा बोव्हारीच्या डोळ्यांच्या रंगावरून फ्लोबेरची चूक काढणाऱ्या ऑक्सफर्डच्या अध्यापिका एनिड स्टार्की यांची निवेदक झाडाझडती घेतो. कधी हुशारी जरा जास्तच होते. पण विधुर ब्रेथवेट अखेर बायकोबद्दल बोलतो, तेव्हा फ्लोबेर ही त्याची ढाल होती हे कळतं. पदवीनंतर सोळा वर्षांनीही बार्न्स फ्रेंचशी भांडत होता. माझ्या अल्गोरिदमच्या वह्या नोकरी लागताच माळ्यावर गेल्या.