जावऱ्याचा सतारिया

सतारीचा विषय निघाला की आम्हा मास्तर मंडळींच्या गप्पा रविशंकर आणि विलायत खाँ यांच्यापाशीच थांबतात. आपल्याच माळव्यात, जावरा येथे १९२७ साली जन्मलेले आणि २०१७ साली मुंबईत निवर्तलेले अब्दुल हलीम जाफर खाँ राहून जातात. ‘कोहिनूर’मधली (१९६०) त्यांची सतार ऐकून मीही त्यांना ‘सिनेमावाले’ ठरवून मोकळा झालो होतो. पुढे पीथमपुरात ध्वनिमुद्रिकेवर त्यांचा कीरवाणी ऐकला आणि माझे मत बदलले. कर्नाटक पद्धतीचे राग त्यांनी सतारीवर आणले. डाव्या हाताला बोलके करणारा ‘जाफरखानी बाज’ घडवला. त्यांची चमत्कृती क्वचित रागाच्या पुढे धावते, हे खरे. पण परके सूर आपलेसे करतानाही सतार सतारच राहिली. दोन भाषांत मुले वाढवणाऱ्या आपल्या घरांना याहून मोठा दिलासा कोणता?