अॅरिस्टोफेनीसचा मद्योत्सव

मराठी रंगभूमीवर मद्याचा पेला आला कीं प्रेक्षकांनीं रुमाल काढावा, असा संकेतच गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ पासून, म्हणजे १९१९ पासून, रूढ झाला आहे. सुधाकराच्या हातांतील पेला त्याचा संसार बुडवितो, आणि तसें होणें आमच्या समाजाच्या नीतिकल्पनेस धरूनच आहे. म्हणून ज्या नाटकाचा नायक अखेरीस सर्वांच्या आधीं सुरई रिकामी करून पैज जिंकतो व डुलत डुलत निघून जातो, त्याची शिफारस करतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. नाटक अॅरिस्टोफेनीसचें ‘अकार्निअन्स’. ख्रिस्तपूर्व ४२५ मध्यें अथेन्स येथें, लेनाया नांवाच्या डायोनायससच्या उत्सवांत, त्याचा प्रयोग झाला आणि त्यास पहिलें पारितोषिक मिळालें.

स्पार्टाशीं युद्ध जुंपून त्या वेळीं सहावें वर्ष चाललें होतें. पेरिक्लीसच्या धोरणानुसार खेड्यांतील लोक घरेंदारें सोडून शहराच्या तटांत येऊन राहिले होते. बाहेर शत्रु त्यांचीं शेतें जाळीत होता व द्राक्षवेली तोडीत होता. अकार्नी हें गांव तर पहिल्या स्वारींतच शत्रूच्या तळाखालीं सांपडलें. ख्रिस्तपूर्व ४३० मध्यें या दाटींत सांथ शिरली. अशा निर्वासितांपैकीं एक शेतकरी, डिकाइऑपोलिस, लोकसभेच्या जागीं पहांटे एकटाच येऊन बसतो आणि आपल्या गांवाची आठवण काढतो. तेथें कोळसा घ्या, तेल घ्या, असा पुकारा कोणी करीत नसे. सारें घरचेंच असे. सभा तहाची गोष्ट ऐकूनही घेत नाहीं असें पाहून तो स्पार्टाशीं स्वतःपुरता खाजगी तह करतो.

ग्रीक भाषेंत तहास आणि देवापुढें सोडावयाच्या मद्याच्या धारेस एकच शब्द आहे. म्हणून दूत येतो तो तीन बुधले घेऊन, आणि डिकाइऑपोलिस एकेक तह चाखून पाहतो! पांच वर्षांच्या तहास डांबराचा व जहाजबांधणीचा वास येतो. दहा वर्षांचा आंबट, त्याला वकिलातींचा दर्प. तीस वर्षांचा मात्र अमृताच्या चवीचा. आमच्या प्रहसनांत श्लेष टाळी घेऊन विझतो. येथें एका श्लेषावर सारें नाटक उभें आहे, व पुढें येणारा प्रत्येक घोट त्या तहाचाच घोट ठरतो.

तह होतांच तो घरच्या मंडळींसह खेड्यांतील डायोनायससची मिरवणूक काढतो. मुलीच्या डोक्यावर नैवेद्याची टोपली, पत्नी धाब्यावरून पाहत आहे, मागून गडी लिंगप्रतीक उंच धरून चालला आहे. तोंडचीं गाणीं अशीं, कीं शिमग्यांतही तीं खपून जावींत. जॉन हूकहॅम फ्रियर यांच्या इंग्रजी भाषांतरांत तीं बरींच सोंवळीं झालीं आहेत. (मुंबईचे १८६२ ते १८६७ या काळांतील गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे हे चुलते.) वर्गांत शिकविण्यास हें भाषांतर आम्हांस सोयीचें पडे, परंतु सोंवळ्यांतला अॅरिस्टोफेनीस हा अर्धाच अॅरिस्टोफेनीस, हें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असूं.

नाटकाचें खरें मर्म बाजाराच्या प्रवेशांत आहे. अथेन्सनें व्यापार बंद केल्यानें उपासमारीस आलेला मेगाराचा मनुष्य आपल्या दोन मुलींस डुकराचीं पिलें म्हणून पोत्यांतून विकावयास आणतो, आणि लसूण व मीठ यांच्या मोबदल्यांत देऊन टाकतो. त्याच्या मागोमाग बिओशियाचा व्यापारी कोपाइस सरोवरांतील वाम मासे घेऊन येतो. सहा वर्षांनीं दिसलेल्या त्या वामेचें स्वागत नायक शोकनाटकांतील भाषेंत, ताटातूट झालेल्या प्रियेचें करावें तसें करतो. खाण्याच्या याद्या देऊन पोट धरून हंसविणारे लेखक पुष्कळ आहेत. परंतु मेजवानीच्या ऐन मध्यावर भुकेल्या बापास उभें करून, तरीही हास्य थांबूं न देणारा लेखक आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

शेवट होतो तो अँथेस्टीरिया उत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं. हा उत्सव तीन दिवसांचा: पहिल्या दिवशीं नव्या मद्याचे रांजण उघडावयाचे, दुसरा सुरयांचा, तिसरा मृतांचा. डायोनायससचा पुजारी नायकास जेवावयास बोलावतो, आणि त्याच क्षणीं सेनानी लॅमेकस यास बर्फांत जाऊन खिंडी राखण्याचा हुकूम होतो. एक ढाल मागतो तर दुसरा पोळी. एक भाला, तर दुसरा मांसाची शीग. एक जखमी होऊन विव्हळत परततो, दुसरा दोन सुंदरींच्या खांद्यांवर हात टाकून. ओळीस ओळ जोडून चाललेला हा प्रवेश विनोदाच्या रचनेचा नमुना म्हणून अभ्यासावा.

आतां आक्षेपाकडे वळूं. हा नायक स्वार्थी आहे, असें अनेक टीकाकार म्हणतात. बैल लुटले गेल्यामुळें रडून आंधळा झालेला एक शेतकरी डोळ्यांत घालण्यापुरता तहाचा थेंब मागतो, तोही त्यास मिळत नाहीं. एका नववधूस मात्र मिळतो, कारण स्त्रिया युद्धास जबाबदार नाहींत! हें कृत्य गोड मानून घ्यावें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. कवीसही तें तसें वाटावयास नको आहे, असा आमचा तर्क आहे. सुरयांच्या दिवसाची रीतच पाहा. कर्णा वाजला कीं जो तो सुमारे ३ लिटरची आपली वेगळी सुरई घेऊन मुकाट्यानें पिऊं लागे. पेला कोणी कोणास देत नसे. मातृवधाचा दोष माथीं असलेला ओरेस्टीस अथेन्सला आला तेव्हां त्याच्याशीं पंक्तिव्यवहार टळावा म्हणून ही चाल पडली, अशी तिची कथा आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत २००८ पासून मद्याचे व संगीताचे उत्सव भरूं लागले, तेथें गलबला हाच आनंद मानला जातो. अथेन्सच्या या पंक्तींत रक्ताचा विटाळ बसलेला होता. गांवानें मिळून तह करण्याचें नाकारलें, तेव्हां एकट्याची सुरई एकट्यानेंच रिकामी करणें नायकाच्या वाट्यास आलें, आणि त्याचा विजय आम्हांस म्हणूनच किंचित् कडवट लागतो.

लेनाया संपल्यावर पुढच्याच महिन्यांत खरा अँथेस्टीरिया येई. नाटक पाहणाऱ्यांस तो तटाच्या आंत साजरा करावयाचा होता. त्या दिवशीं तीन वर्षांच्या मुलांस फुलांचे मुकुट घालून लहानशा सुरया देत. अशा चिमुकल्या सुरया, त्यांवर रांगणाऱ्या मुलांचीं चित्रें काढलेल्या, अथेन्सच्या थडग्यांत पुष्कळ सांपडल्या आहेत.