शिक्षकाचें वाचन आणि नवा अभ्यासक्रम

राष्ट्रीय शिक्षणधोरण २०२० सालीं जाहीर झालें आणि त्यास अनुसरून शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. घोकंपट्टी कमी करावी, मुलांस विचार करूं द्यावा, हें त्यांतील सूत्र कोणास अमान्य होईल? आमचा प्रश्न निराळा आहे. विद्यार्थ्यानें काय शिकावें याचा एवढा ऊहापोह करणाऱ्यांनीं, शिक्षकानें काय वाचावें व तें त्यास कोठून मिळावें, याचा विचार कितपत केला आहे?

प्रत्येक शिक्षकानें वर्षास किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठीं द्यावेत, असें धोरण सांगतें. अध्यापनाची पद्धति निवडण्याचें अधिक स्वातंत्र्यहि तें देऊं करतें. परंतु माहितीवांचून निवड कसली? अपूर्णांक शिकतांना मुलें नेमकीं कोठें अडखळतात, घरची बोली वेगळी असलेल्या मुलास वाचावयास कसें शिकवावें, यांवर जगांत पुष्कळ संशोधन झालें आहे. त्यांतलें कांहीं विनामूल्य मिळतें. पण उरलेलें ज्या नियतकालिकांत छापलें जातें, त्यांची वर्गणी खेड्यांतील मास्तराच्या आवाक्याबाहेरची आहे. मग त्याच्या वांट्यास येतें तें प्रशिक्षणवर्गांतील दुसऱ्यानें चघळून दिलेलें ज्ञान, आणि हजेरीपत्रकावरची सही!

यास पैशाची अडचण हें कारण सांगतां येणार नाहीं. ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळानें नोव्हेंबर २०२४ मध्यें मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें. लाभ सुमारें ६,३०० संस्थांस. या संस्था म्हणजे उच्च शिक्षणाच्या शासकीय संस्था व केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था. योजना चांगलीच आहे. परंतु शाळा त्या यादींत नाहींत. शिक्षणशास्त्रावरील लेख प्राध्यापकानें वाचावा, आणि ज्याच्यापुढें प्रत्यक्ष मुलें बसलेलीं आहेत त्यानें मात्र वाचूं नये, ही व्यवस्था आम्हांस चमत्कारिक वाटते.

हे लेख बहुतेक इंग्रजींत व रूक्ष परिभाषेंत असतात, ते मराठी शाळेंतील शिक्षकास काय उपयोगाचे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु त्याचें उत्तर आपल्याकडे पूर्वींच सांपडलेलें होतें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या संपादकत्वाखालीं चालणारें ‘शालापत्रक’ मराठी शाळांसाठीं निघे. ‘निबंधमाला’ निघाली १८७४ सालीं. तत्पूर्वींच विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरील निबंध या ‘शालापत्रकां’त येऊं लागले होते. बाण आणि भवभूति पंतोजीच्या डोक्यावरून जातील, असें त्या पितापुत्रांस वाटलें नाहीं. आजच्या आराखड्याची पानें शेंकडों आहेत, पण शिक्षकाच्या बुद्धीवरचा तो भरंवसा त्यांत आम्हांस कमीच आढळतो.

शाळांस या योजनेंत घेण्यास खर्च फार वाढेल असें म्हणत असाल, तर निदान जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयांत कोणत्याहि शिक्षकास हीं नियतकालिकें वाचतां यावींत. आणि निवडक लेखांचे चांगल्या मराठींतील सारांश दरमहा शाळेंत पोंचावेत. त्यासाठीं हवेत चार जाणते संपादक व ५० तासांतले कांहीं तास.