स्टारडस्ट : शीव नसलेला राखणदार

जून १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मधून सुपरमॅन अवतरला आणि त्याचा खप पाहून न्यू यॉर्कच्या लहानमोठ्या प्रकाशकांनी महाबली नायकांची रांगच लावली. त्यांतले बहुतेक आज विस्मरणात गेले आहेत. व्हिक्टर फॉक्स या प्रकाशकाच्या ‘फँटॅस्टिक कॉमिक्स’च्या डिसेंबर १९३९च्या पहिल्या अंकात आलेला ‘स्टारडस्ट द सुपर विझार्ड’ त्यांपैकी एक. कथा, चित्रे, शाई, अक्षरे हे सारे फ्लेचर हँक्स एकहाती करत असे. १९४१मध्ये हँक्सने कॉमिक्सचे काम सोडले आणि स्टारडस्टही थांबला.

ओबडधोबड चित्रे आणि विक्षिप्त कथानके यांमुळे तो टिकला नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण तशी चित्रे काढणारे इतर तगले. स्टारडस्टची उणीव वेगळी आहे. तो कोणाचाच नाही. ही उणीव नेमकी कळण्यासाठी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचा एक मापदंड मला उपयोगी वाटतो.

आधी कथांची घडण पाहू. स्टारडस्ट स्वतःच्या खाजगी ताऱ्यावर एकटा राहतो. त्याचे कूळ सांगितलेले नाही, विज्ञानावरची हुकमत तेवढी सांगितली आहे. पृथ्वीवर कट शिजला की त्याच्या यंत्रांना सुगावा लागतो आणि तो प्रकाशाच्या वेगाने निघतो. बहुतेक वेळा तो पोचेपर्यंत अनर्थ सुरू झालेला असतो. एका कथेत टोळीवाले पृथ्वीवरची माणसे अवकाशात भिरकावून देण्याचा बेत करतात आणि स्वतःला तेवढे साखळ्यांनी जमिनीशी जखडून घेतात. आभाळभर तरंगणाऱ्या माणसांची चौकट विसरता येत नाही. मात्र त्या गर्दीत एकालाही नाव नाही, आवाज नाही. स्टारडस्ट किरण सोडून त्यांना खाली आणतो, आणि ती कथेतून नाहीशी होतात.

कथेचा खरा रस त्यानंतरच्या शिक्षेत आहे. डी स्ट्रक्टो नावाच्या खलनायकाचे तो नुसते डोके उरवतो आणि अवकाशातल्या एका मुंडकेहीन राक्षसाकडे ते भिरकावतो. राक्षस ते गिळंकृत करतो. वाचवणे आटोपशीर, शासन सविस्तर. हे प्रमाण कथांमागून कथांत दिसते.

२००७मध्ये पॉल करासिकने या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि हँक्सच्या मुलाकडून कळलेली हकिकत त्यात चित्ररूपाने सांगितली. बाप दारुडा, मारकुटा, बायकामुलांना टाकून गेलेला. १९७६मध्ये न्यू यॉर्कच्या एका बागेतल्या बाकावर तो गारठून मेलेला सापडला. हे कळल्यावर शिक्षेच्या चौकटींत त्या बापाचा हात दिसू लागतो. पण चरित्राने कथेचा उगम उलगडला, तरी वाचक या नायकाला का बिलगला नाही हे उलगडत नाही.

येथे पाड्यावरचा वाघोबा आठवतो. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांत त्याची पूजा होते. त्याचे ठाणे शिवेवर असते. त्याच्याशी व्यवहार ठरलेला आहे : आम्ही नैवेद्य देऊ, तू गुरांना आणि माणसांना हात लावू नकोस. तो भयंकर आहे आणि राखणाराही आहे. पण त्याची ताकद शिवेने बांधलेली आहे आणि त्याच्याकडे मागणे मागता येते. स्टारडस्टकडे मागण्याची सोय कुठेच नाही. त्याला बोलावता येत नाही आणि थांबवताही येत नाही.

जे नायक टिकले त्यांना अशी काही शीव होती. सुपरमॅन परग्रहावरचाच, पण त्याला वर्तमानपत्रातली नोकरी आहे आणि लोइस लेनकडून होणारी हेटाळणीही. ली फॉकचा १९३६मधला ‘फँटम’ मार्च १९६४पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भारतात आला आणि मराठीत ‘वेताळ’ झाला. जंगलावर हुकूम चालवणाऱ्या गोऱ्या माणसाच्या या कथेत वसाहतीचा मळ आहेच. पण त्याला एक जंगल आहे, शेजारी आहेत, एकवीस पिढ्यांचे कूळ आहे. म्हणून ते नाव त्याला पेलले. कोकणात वेताळ हा गावाचा राखणदारही असतो. आरवलीच्या वेतोबाला चपला वाहतात, कारण रात्री गावाभोवती फिरून तो त्या झिजवतो अशी श्रद्धा आहे. स्टारडस्टच्या पायाखाली झिजण्यासारखे काही नाही. त्याला मराठी नाव देऊ गेले तर ‘वेताळ’ चालणार नाही, ‘वाघोबा’ तर नाहीच.

दहा सेंटांच्या पोरवयीन कॉमिकला गावदेवाच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. पण दोघेही एकाच प्रश्नाला उत्तर देतात : आपल्याहून बलवान असलेल्याने आपले रक्षण करावे ते कोणत्या अटीवर? शहापूर तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. टँकर येतो तेव्हा तो तारणहारच वाटतो. पण तो कधी येणार हे पाड्यावर ठरत नाही.

हँक्सच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने हे झाकले नाही. इतर चित्रकथांत नायकाच्या सौजन्याआड सत्ता लपते. येथे ती उघडी आहे. आभाळात तरंगणारी ती निनावी माणसे अट न घालता तारली जाणाऱ्यांचे चित्र आहेत. स्टारडस्ट वाचायचा तो त्याच्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.