क्रमांक कोणी द्यायचा?

शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रवेशाच्या ओळीने क्रमांक पडतात: ४११, ४१२, ४१३. लहान, लिहायला सोपे, मधला गळला तर लगेच दिसणारे. एका रजिस्टरापुरती याहून चांगली सोय आम्हाला माहीत नाही. अडचण येते ती रजिस्टरे दोन झाली की. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जातात, काही तिथल्या शाळेत बसतात. ४१२ गावातही असतो, तिथेही असतो. केवळ क्रमांक धरून संगणकात याद्या एकत्र केल्या की दोन मुले एक होतात, किंवा एकच मूल दोन होते. मग हजेरी कोणाच्या नावावर मांडायची?

यावर नेहमीचा तोडगा म्हणजे क्रमांकातच पत्ता भरणे. शाळांचा यू-डायस संकेतांक असाच आहे: ११ अंक, त्यांत राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शाळा. बीडचे संकेतांक २७२७ ने सुरू होतात. या पद्धतीबद्दल आमची तक्रार आहे, कारण पत्ता बदलतो. उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा काही बिघडले नाही. अंकांत नाव नव्हतेच. पण २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि तिथल्या शाळांच्या संकेतांकाची सुरुवात २७२१ ऐवजी २७३६ झाली. इमारत तीच, फळा तोच, ओळख नवी! अंबाजोगाई जिल्ह्याची मागणी तर जुनीच आहे.

आधार क्रमांकात ही चूक टाळलेली दिसते. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावी पहिला क्रमांक दिला गेला. त्या १२ अंकांत गाव नाही, क्रमही नाही. मात्र तो एका केंद्राकडूनच मिळतो. यूयूआयडी त्याही पुढे जातो. १२८ बिटांपैकी १२२ यादृच्छिक असल्याने कोणतीही शाळा, कोणालाही न विचारता, तो तयार करू शकते. दोन सारखे निघण्याची भीती व्यवहारात नाही.

किंमत आहेच. ३६ चिन्हांचा हा क्रमांक कोणी वाचून दाखवावा! शिवाय यादृच्छिक नोंदी अनुक्रमणिकेत कुठेही घुसतात, पाने फुटतात, काम मंदावते. २०२४ च्या प्रमाणकातील सातव्या प्रकारात वेळ आधी येते, त्यामुळे नवी नोंद बहुधा शेवटीच पडते. मुलाच्या नोंदीला आम्ही हाच प्रकार निवडू. दाखल्यावर मात्र ४१२ च छापावा.